बाळंतिणीच्या ताटाचा हिशेब

बाळंतिणीनं काय खावं यावर घरात निदान तीन मतं असतात. एक तिच्या आईचं, एक सासूचं आणि एक दाराशी सहज डोकावून गेलेल्या शेजारणीचं. खुद्द बाळंतिणीचं मत कुणी विचारत नाही. डॉक्टरांचं मत कागदावर मिळतं. त्यात गोळ्यांची नावं असतात आणि ताटाचा विषय ‘सकस आहार घ्या’ एवढ्यावर संपतो. सकस म्हणजे काय, किती, आणि नाही घेतला तर नेमकं कुणाचं काय बिघडतं, हे सांगायला दवाखान्याच्या गर्दीत वेळ नसतो.

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रोडवरची वाडी घ्या. एका अंगाला अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिची वसाहत, रस्त्याला लागून ट्रान्सपोर्टची गोदामं, पलीकडे हिंगण्याची एमआयडीसी. पगारी रजा मिळणारी बाई आणि रोजीवर जाणारी बाई इथं एकाच वस्तीत बाळंत होतात. पहिलीकडे माहेरून लाडवांचा डबा येतो. दुसरी सव्वा महिना व्हायच्या आत कामाचं बघायला लागते. पोषणाच्या तक्त्यात मात्र दोघींसाठी एकच रकाना आहे : ‘स्तनदा माता’.

हा तक्ता तयार होतो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत. तिचा उगम १९१८ सालचा, कुन्नूरमधला. रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरनं बेरीबेरी या आजाराच्या शोधासाठी तिथं एक छोटी प्रयोगशाळा थाटली होती. बेरीबेरी हा थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. तो या विषयात पुढे पुन्हा भेटणार आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि ही संस्था यांनी २०२० साली काढलेल्या शिफारशींप्रमाणे ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १,६६० किलोकॅलरी लागतात, मध्यम कष्टाचं काम असेल तर २,१३०. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने यात ६०० ची भर, पुढचे सहा महिने ५२० ची. प्रथिनं एरवी ४६ ग्रॅमच्या आसपास. त्यात आधी सुमारे १७ आणि नंतर १३ ग्रॅमची भर.

हे ६०० आले कुठून? बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. म्हणजे बाळाच्या पोटात रोज पाचशेच्या घरात कॅलरी जातात. पण दूध तयार करायलाही शरीराला खर्च येतो, आणि तो धरला की आकडा सहाशेला भिडतो. गरोदरपणात अंगावर चढलेली चरबी यातला काही भाग उचलते. जिचं वजन नऊ महिन्यांत जेमतेम पाच-सहा किलोनं वाढलं, तिच्यापाशी ही शिल्लक नसते.

आता खरा मुद्दा. ही भर ताटात पडलीच नाही तर दूध आटतं का? घरोघरी हीच भीती असते, आणि तीच बहुतांशी चुकीची आहे. १९५० च्या दशकात कुन्नूरच्याच प्रयोगशाळेत सी. गोपालन यांनी गरीब घरांतल्या आयांच्या दुधाचा अभ्यास केला. या बायका शिफारशीपेक्षा फार कमी खात होत्या. तरी त्यांच्या दुधातली प्रथिनं खात्यापित्या घरच्या आयांच्या जवळपास होती. पुढे आफ्रिकेतल्या गांबियामध्ये उलटा प्रयोग झाला. अर्धपोटी आयांना जादा आहार दिला, पण दुधाचं प्रमाण वाढलं नाही. दूध आधीच पुरेसं येत होतं. जादा आहार आयांच्या अंगी लागला.

याचा अर्थ, आईनं खाल्लं नाही तर बहुतेक बाबतींत दूध उणं होत नाही, आई उणी होते. शिफारशींचा तक्ता बाळाची काळजी म्हणून वाचला जातो. त्यातल्या निम्म्याअधिक ओळी खरं तर आईचं शरीर राखण्यासाठी आहेत. घरात मात्र बाळाच्या नावानंच ताट वाढलं जातं, आणि बाळ गुटगुटीत दिसू लागलं की ताटाकडचं लक्ष उडतं. आईचा पाठीचा कणा दुखतोय, चढताना धाप लागतेय, हे कुणाच्या हिशेबात येत नाही.

कॅल्शियमचं बघा. दुधातून रोज दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाळाकडे जातं. आई कितीही कमी खात असली तरी ते जातंच, कारण हाडं ते उसनं देतात. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या कण्यातलं आणि खुब्यातलं खनिज तीन ते पाच टक्क्यांनी उतरतं आणि दूध तोडल्यावर हळूहळू भरून येतं. भरून यायला माल मात्र ताटातूनच यावा लागतो. शिफारस रोज १,२०० मिलिग्रॅमची आहे. दुधाच्या मोठ्या पेल्यात अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम भरतात. बाकीचं तीळ, हिरव्या भाज्या, नाचणी यांतून जमवायचं. तीळ तर या बाबतीत दुधालाही मागं टाकतो. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिने कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज मिळतात त्या यासाठीच. लोहाची गोळी आणि ही गोळी एका वेळी घ्यायची नाही. कॅल्शियम लोहाला आतड्यात शोषू देत नाही. हे सांगितलं जातं, पण दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत मिळतात आणि एकाच घोटात गिळली जातात.

लोहाचा आकडा पाहून तर कुणीही चक्रावेल. साध्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि दूध पाजणाऱ्या बाईला २३. कमी! कारण आईच्या दुधात लोह अगदीच थोडं उतरतं आणि पाजण्याच्या काळात पाळी बरेचदा लांबते, त्यामुळे तिकडून जाणारं रक्त वाचतं. पण हा आकडा गोळी बंद करण्याचा परवाना नव्हे. गरोदरपण आणि बाळंतपणातला रक्तस्राव यांतून बाहेर आलेली बाई आधीच तोट्यात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. म्हणून बाळंतपणानंतरही १८० दिवस, रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी. पोटात मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून ती सर्वांत आधी सुटते. काळं होण्यात घाबरण्यासारखं काही नाही. न शोषलेलं लोह बाहेर पडतंय एवढंच.

दूध आईचं शरीर पोखरून स्वतःला सांभाळून घेतं, हे झालं प्रथिनं, कॅल्शियम, लोह, जस्त, फोलेट यांच्याबद्दल. दुसरा गट वेगळा आहे. ब-१, ब-२, ब-६, ब-१२, अ आणि ड ही जीवनसत्त्वं आणि आयोडीन. ही आईच्या आहारात कमी असली की थेट दुधातही कमी होतात. इथं उसनवारीची सोय नाही.

बेरीबेरी परत येते ती इथं. पॉलिश केलेला तांदूळ चार पाण्यांनी धुऊन, पेज काढून टाकून शिजवला आणि बाळंतिणीला ‘हलकं’ म्हणून तोच भात महिनाभर दिला, तर तिच्या दुधातलं थायमिन संपतं. बाळ दोन-चार महिन्यांचं असताना एकाएकी दूध सोडतं, रडताना आवाज बसतो, हृदय थकून सुजतं. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर तेच बाळ काही तासांत सावरतं. वैद्यकात इतका झटपट गुण दाखवणारे उपाय थोडे. काश्मीर आणि आसामकडून अशा बाळांची वर्णनं या शतकातही आलेली आहेत, आणि मागे कारण बरेचदा बाळंतिणीचं पथ्यच निघालेलं आहे. वाडीच्या घरात ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण असतं तोवर ही वेळ येण्याचं कारण नाही. पण वरण ‘वातूळ’ म्हणून बंद, भाकर ‘जड’ म्हणून बंद, राहिला मऊ भात आणि तूप, असं पथ्य चालवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ती गरीब नव्हती.

ब-१२ चा प्रश्न आपल्याकडे अधिक जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. जगभर गाजलेल्या या अभ्यासात साधारण दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण एवढेच त्याचे रस्ते. माळकरी घरातल्या बाईला यातले पहिले दोनच खुले असतात आणि बाळंतपणात त्यातला एक बंद होतो. ‘दही खाल्लं तं लेकराले सर्दी होते!’ हे वाक्य नागपूरच्या आसपास न ऐकलेली बाळंतीण सापडायची नाही. सर्दी विषाणूमुळे होते, ती दुधातून उतरत नाही. दही-ताक बंद झाल्यावर जे उतरायला हवं तेच उतरत नाही.

ब-१२ न मिळालेल्या बाळाचं चित्र बालरोगतज्ज्ञ एका नजरेत ओळखतात. वय सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, अंगावरच वाढलेलं, वरचं खाणं जवळजवळ नाहीच. बाळ वरवर गुबगुबीत, पण फिकट. बोटांच्या पेरांवर कातडी काळवंडलेली, केस विरळ आणि तांबूस. आधी हसायचं, मान धरायचं, ते हळूहळू विसरतं. मग एक दिवस हातपाय, डोकं थरथरू लागतं. भारतीय डॉक्टरांनी याला ‘इन्फन्टाइल ट्रेमर सिंड्रोम’ असं नाव दिलं. उपचार आहेत, पण मेंदूच्या वाढीचे गेलेले महिने सगळे परत मिळतीलच असं नाही. दूध पाजणाऱ्या आईला दिवसाला ब-१२ लागतं ते जेमतेम ३ मायक्रोग्रॅम. दोन पेले दूध आणि वाटीभर दही यांतून त्याचा मोठा भाग निघतो. शुद्ध शाकाहारी घरात तेवढंही होत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, लाजायचं कारण नाही.

आता लाडू. डिंक, खारीक, खोबरं, मेथ्या, अळीव आणि विदर्भात हमखास गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवाची टिंगल करणारे आधुनिक लोक मला आवडत नाहीत. साजूक तुपातला चाळीस ग्रॅमचा एक लाडू दोनशेच्या घरात किलोकॅलरी देतो. तीन लाडू खाल्ले की तक्त्यातले सहाशे पूर्ण. रात्री दोन वाजता बाळाला पाजून उठलेल्या बाईला उभ्या उभ्या खाता येईल असा यापेक्षा सोयीचा पदार्थ कुणी शोधला असेल तर सांगावा. अळिवात लोह चांगलं असतं, खोबऱ्यानं कॅलरी चढतात. अडचण एवढीच की लाडवानं कॅलरीची जागा भरते आणि प्रथिनांची रिकामी राहते. तीन लाडवांत मिळून सात-आठ ग्रॅमही प्रथिनं निघत नाहीत, ब-१२ आणि अ जीवनसत्त्व तर नावाला.

तेच सहाशे दुसऱ्या रीतीनं जमवून पाहू. एरवीच्या जेवणावर ज्वारीची एक मोठी भाकर जास्तीची : दोनशे किलोकॅलरी, सहा ग्रॅम प्रथिनं. वाटीभर घट्ट वरण : शंभर किलोकॅलरी, सहा-सात ग्रॅम. पेलाभर दूध : सव्वाशे, सहा ग्रॅम. मूठभर भाजलेले शेंगदाणे : शंभर-सव्वाशे, पाच ग्रॅम. वर चमचाभर तेल-तूप. सहाशेच्या आसपास बेरीज होते आणि प्रथिनं वीस ग्रॅमच्या वर जातात. याला लाडवाच्या डब्याइतका खर्च येत नाही. गोदामात पोती शिवणाऱ्या बाईला हे परवडू शकतं. तिला परवडत नाही ती दुपारची निवांत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी.

अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने मिळणारा पूरक आहारही याच गणितावर बसवलेला आहे : रोज ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. वाडीसारख्या ठिकाणी तो पाकिटातून घरी नेता येतो. म्हणजे घरातल्या चार तोंडांत वाटलाही जातो. याच अमरावती रोडनं पुढे मेळघाटात गेलात तर राज्य सरकारची २०१५ सालची एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना भेटते. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम, चौरस जेवण. ताट समोर वाढलं की ते जिच्यासाठी आहे तिच्याच पोटात जाण्याची शक्यता वाढते. शहराच्या कडेला राहणाऱ्या मजूर बायकांना याचा लाभ नाही, आणि तो का नसावा हे मला कळत नाही.

दूध ‘वाढवणाऱ्या’ पदार्थांबद्दल दोन शब्द. शतावरी, मेथ्या, लसूण, शेपू, बाळंतशोपा हे सगळं खुशाल खावं. यांच्या बाजूचा भक्कम पुरावा मात्र फारसा नाही. दूध वाढतं ते बाळ ओढतं म्हणून. स्तन रिकामा झाला की पुढचं दूध तयार होतं, साठून राहिला की कमी होतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात ‘दूध पुरत नाही’ म्हणून वरचं पाजायला लागलं की खरोखरच पुरेनासं होतं. जवसाच्या चटणीचंही तसंच. विदर्भाच्या ताटातली ही अस्सल चीज, तिच्यातलं ओमेगा-३ दुधात उतरतं. पण बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए त्यानं फारसं वाढत नाही. ते मासे आणि अंड्यांतून येतं. खाणाऱ्यांनी तलावातले मासे बाळंतपणात बंद करायचं कारण नाही.

बंदीच्या यादीत मला सर्वांत खटकतं ते संत्रं. देशाला संत्री पुरवणारा हा मुलूख, आणि त्याच मुलखात बाळंतिणीला ‘आंबट आहे, थंड आहे’ म्हणून फोडही मिळत नाही. स्तनदा मातेची क जीवनसत्त्वाची गरज दिवसाला ११५ मिलिग्रॅम, जवळपास दुप्पट झालेली असते. दोन मोठी संत्री, पेरू किंवा आवळा यांनी ती भागते. वर जेवणातलं लोहही जास्त शोषलं जातं. मुनग्याचा पाला, मेथी, पालक आणि कोहळं (पुणेकरांनी शेवगा आणि लाल भोपळा वाचावं) यांतून अ जीवनसत्त्व. आयोडीनची गरज दिवसाला २८० मायक्रोग्रॅम, तीही साध्या वेळेच्या दुप्पट. आयोडीनयुक्त मीठ घरात असलं आणि डब्याचं झाकण लावलेलं असलं की बरंचसं काम झालं.

एका गोष्टीवर मात्र बंदी हवीच आणि तीच सहसा कुणी घालत नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. नागपुरात तो पुरुषांचाच आहे असं समजू नये. तोंडात खर्रा धरला की निकोटिन रक्तात येतं आणि दुधात रक्तापेक्षाही जास्त प्रमाणात उतरतं. गुडाखू, मिश्री यांनाही हेच लागू.

आता बाळाच्या रकान्याकडे. पहिल्या सहा महिन्यांच्या बाळाला काय, किती लागतं हे शास्त्रज्ञांनी ठरवलं कसं? त्यांनी सुदृढ आयांचं दूध मोजलं, त्यातले घटक काढले, आणि बाळ जेवढं पितं त्यानं गुणलं. मिळालेले आकडे म्हणजेच ‘शिफारस’. तक्त्याच्या या भागात दुधाचं प्रमाण तक्त्यावरून ठरत नाही, तक्ताच दुधावरून ठरतो. त्यामुळे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आईनं हे आकडे घेऊन डोकं पिकवायचं कारण नाही. बाळाचं वजन वाढतंय आणि ते दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतंय, एवढं बघावं.

अपवाद दोन. जन्मतः मिळणारं के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. आईच्या दुधात ड अगदीच कमी असतं. बाळाची गरज दिवसाला ४०० आययू. नागपूरच्या उन्हात ड ची कमतरता कशी, असं विचारणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये किती बाळं उन्हात दिसतात ते मोजावं. बाळंतीण आणि बाळ दोघंही कोंदट खोलीत, बाळ टोपडं-दुपट्यात. थेंब देणं सोपं.

ऊन म्हटलं की पाण्याचा प्रश्न येतो. ४५ अंशांत बाळाला पाणी न पाजणं आजीला क्रूरपणा वाटतो. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. ऐन उन्हाळ्यात, निव्वळ आईच्या दुधावरच्या भारतीय बाळांवर झालेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये १९९१ साली छापून आला, बाळांना वरचं पाणी लागत नाही असं त्यात दिसलं. वरच्या पाण्यानं पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं, आणि टँकरचं पाणी असेल तर जुलाबाची वाट मोकळी होते. उन्हाळ्यात पाणी प्यायचं ते आईनं, तांब्या उशाशी ठेवून. मध आणि घुटीही बाळ वर्षाचं होईपर्यंत नको. मधात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही.

आणि चीक. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी मिरवत वाटतो. बाईचा चीक मात्र ‘जुनं दूध’ म्हणून पिळून फेकण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. त्याचा पिवळा रंग कॅरोटिनचा आहे. अ जीवनसत्त्व, जस्त आणि संसर्गाशी लढणारी प्रथिनं यांचं इतकं दाट मिश्रण बाळाला पुन्हा कधीच मिळत नाही.

सहा महिने झाले की तक्ता एकदम कडक होतो. जन्मताना सोबत आणलेला लोहाचा साठा इथवर संपत येतो. आईच्या दुधात दिवसाकाठी पाव मिलिग्रॅमच्या आसपास लोह. ते छान शोषलं जातं, पण पुरत नाही. सहा महिने ते एक वर्ष या वयाची आपली शिफारस ३ मिलिग्रॅमची आहे, अमेरिकेची ११. गरज मोजण्याच्या रीतीतला हा फरक आहे. कुणाचाही आकडा धरा, जवळजवळ सगळं लोह वाटीतूनच यायला हवं. ते येत नाही, म्हणून महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघतात. आशाताईंकडून मिळणारं लोहाचं औषध, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, ते याचसाठी.

आपल्याकडे मुलाचं उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या किंवा सातव्या महिन्यात. पाचवा महिना लवकर होतो, आठवा उशिरा. मुहूर्त पुढे गेला तर समारंभ पुढे न्यावा, वाटी थांबवू नये.

त्या वाटीत पडतं काय? वरणाचं पाणी. पातेल्यातली डाळ खाली बसू देऊन वरचं पिवळसर पाणी चमच्यानं अलगद काढतात, गाळतात, आणि ‘पचायला हलकं’ म्हणून पाजतात. डाळ राहते तळाशी, मोठ्यांसाठी. साडेसात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सव्वादोनशे मिलिलिटर मावतात. ती जागा पाण्यानं भरली की बाळ तृप्त दिसतं, झोपतं, आणि आजी समाधान पावते. पोटात कॅलरी गेलेल्या असतात नाममात्र. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त रोज सुमारे २०० किलोकॅलरी हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. वीस ग्रॅम तांदूळ, दहा ग्रॅम मुगाची डाळ मऊ शिजवून, चमच्याच्या पाठीनं घोटून, वर चमचाभर तूप घातलं तर छोट्या वाटीत दीडशे किलोकॅलरी बसतात. कसोटी सोपी आहे : चमचा कलता केला तर अन्न ओघळू नये, हळूच घसरावं. घट्ट जमत नसेल तर बडोद्याच्या तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात दाखवलेली युक्ती आहे. मोड आणून, वाळवून, भाजून केलेलं गव्हाचं चमचाभर पीठ कोमट, घट्ट लापशीत घातलं की ती सैल होते, पाणी न घालता. धान्य मोडावल्यावर तयार होणारं विकर स्टार्च तोडतं.

मीठ-साखर बाळ वर्षाचं होईपर्यंत नको. गाईचं दूध हे मुख्य पेय म्हणूनही तोवर नको, त्यात लोह जवळजवळ नाही. अंडं, ज्यांना चालतं त्यांनी मासे-कलेजी, बाकीच्यांनी घट्ट डाळीवर चार थेंब लिंबू. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा एक लाख आययूचा डोस. तो चुकवू नये.

राहिला कामावर जाणाऱ्या बाईचा प्रश्न. दुधाच्या डब्यांच्या जाहिराती, फुकट नमुने, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र, हे सगळं आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंद आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. या कायद्याच्या पाठपुराव्यात पुढे असलेल्या ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना वाडीपासून दीड-दोन तासांवर, वर्ध्याला, ३ डिसेंबर १९९१ रोजी झाली. कायद्यानं जाहिरात थांबली. डबा घ्यायला लावणारी परिस्थिती थांबली नाही. नोकरदार बाईला कायद्यानं २०१७ पासून २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला सुट्टी आहे, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या बाईला यातलं काय मिळतं, ते गोदामाच्या फाटकाशी उभं राहून विचारावं. तिनं सकाळी निघताना दूध हातानं पिळून झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या वाटीत ठेवलं, तर पंचवीस अंशांपर्यंत ते चार तास टिकतं. मे महिन्यात टिनाच्या खोलीत हा हिशेब धरू नये. फ्रीजमध्ये ठेवावं, आणि पाजावं वाटी-चमच्यानं, बाटलीनं नव्हे. बाळ सहा महिन्यांवरचं असेल तर ती नसतानाच्या वेळेत घट्ट खिचडी, आणि घरी आल्यावर, रात्रभर, अंगावर.

एका वर्षानंतर लेकरू घरचंच खातं. त्याला रोज साडेपाचशे किलोकॅलरी वरच्या अन्नातून हव्यात आणि दूध दोन वर्षांपर्यंत सुरूच ठेवायचं. नागपुरी घरात अडतं ते तिखटापाशी. वरण, भाजी, रस्सा उतरवण्याआधी, तिखट-मीठ पडायच्या आत, लेकराचं आधी वाटीत काढावं. खालचं घट्ट त्याला, वरचं पातळ मोठ्यांना.